अडीच हजारांचा हिशेब

केडगावातील एका व्यापारी कुटुंबात या उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहिला. बी.कॉम. झालेल्या नातीने सी.ए.चा विचार बाजूला ठेवून लोकप्रशासनात एम.ए. करण्याचे आणि पुढे सार्वजनिक धोरणांच्या मूल्यमापनाकडे वळण्याचे ठरविले. आजोबांनी विचारले, “बेटा, सरकारी खर्च तपासायला ऑडिटर असतात. तू नवे काय तपासणार?”

नातीने दुकानाच्या फाईलमधील व्यवसाय कराची पावती काढली. “आजोबा, हे वर्षाचे अडीच हजार तुम्ही कशासाठी भरता, ठाऊक आहे?”

1975 च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसाय कर आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. या योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण मजुराला काम देणे शासनावर बंधनकारक झाले. शहरातील व्यापारी व नोकरदार यांच्या करातून गावातील मजुराच्या हाताला काम, अशी ही रचना होती.

बहात्तर साल आजोबांनी पाहिले होते. खडी फोडणारी माणसे आणि मजुरी मिळाल्यावर फिटणारी दुकानाची उधारी त्यांना आठवत होती.

लेखापरीक्षक पाहतो की पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का. मूल्यमापन करणारा विचारतो की त्या खर्चाने काय साधले. 1988 मध्ये या योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली की काम मागणारे वाढावेत, असा साधा तर्क. प्रत्यक्षात कामावरील हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी महिन्यामहिन्याचे आकडे तपासून 1993 मध्ये निष्कर्ष मांडला की मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळत नव्हते. कायद्यातील हमी तशीच होती. व्यवहारात ती दुबळी झाली होती. केवळ पावत्या जुळवून हे कळले नसते.

या शास्त्रातील मुख्य अडचणही व्यापाऱ्याला चटकन समजेल. गावात बंधारा झाला आणि पुढच्या वर्षी विहिरींना पाणी वाढले, तर श्रेय बंधाऱ्याचे की चांगल्या पावसाचे? यासाठी बंधारा नसलेल्या, पण तसाच पाऊस व तशीच जमीन असलेल्या गावाशी तुलना करावी लागते. मोजणी तर आधीपासूनच हवी. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. त्यामुळे कोणती पिके घ्यावीत, हे तेथे हाती असलेल्या पाण्यावरून ठरते.

या अभ्यासाला संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांचा पाया लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो परका नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे. 1930 साली स्थापन झालेल्या पुण्याच्याच गोखले संस्थेत वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा विख्यात अभ्यास केला. स्पर्धा परीक्षा हा एकच मार्ग नसून संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था आणि शासकीय प्रकल्पांतही अशा अभ्यासकांची गरज असते. मात्र पेढीसारखी लवकर कमाई येथे नाही, आणि अप्रिय निष्कर्ष मांडण्याचे धैर्य लागते.

आजोबांनी पावती पुन्हा फाईलला लावली. “आम्ही कर भरला आणि विसरलो. नफा झाला की नाही, हे न पाहता दुकान कोणी चालवत नाही. जा, शीक.”

ज्या घरात दरवर्षी वहीपूजन होते, त्या घरातील मुलांनी सार्वजनिक पैशाचीही वही उघडावी. ते शिक्षण आपल्या व्यवसायापासून वाटते तितके दूर नाही.