नोंदवहीतले मौन

"फादर, पणजोबांच्या नोंदीसमोर तेवढी जात लिहून द्या." एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या पणजोबांचा माग काढीत आलेल्या एका तरुणाची ही विनवणी. मी नकार दिला. तो दुखावून परतला. माझे भांडण त्याच्याशी नाही. ते कागदालाच मनुष्य मानणाऱ्या व्यवस्थेशी आहे आणि थोडे आपल्याशीही.

वाचकहो, 2023 पासून आपला बीड जिल्हा पूर्वज शोधतो आहे. त्या वर्षी 7 सप्टेंबरला मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकालीन दप्तरे उघडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. 30 ऑक्टोबरला बीडमध्ये घरेदारे पेटली. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयी शासननिर्णय निघाला. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एक प्रश्न सर्वांनी विचारावा: ही दप्तरे लिहिली कशासाठी? खासरा आणि पाहणीपत्रक महसुलासाठी होते, न्यायासाठी नव्हे. ज्याची जमीन, त्याचे नाव. ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्या शाळेचा दाखला आज त्याच्या पणतवाकडे मागायचा, ही कोणती नीती? अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधण्याचे ओझे ज्याच्याकडे कागदच नव्हता त्याच्याच डोक्यावर का?

आपले दुखणे आणखी खोल आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्म ही अट घातली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधव त्या आदेशात सामावले गेले. ख्रिस्ती बाहेर राहिले. आणि आपली स्नानसंस्काराची नोंदवही? कॅनन 877 नाव, आईवडील, धर्ममातापिता, स्थळ, तारीख विचारतो. जात विचारीत नाही. हे मौन आपले भूषण आहे. तेच आज आपल्या लेकरांची अडचण झाले आहे.

"मग आता लिहा की," असे काही जण म्हणतात. नाही! ज्या वहीत एक शब्द मागाहून घुसला, तिच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो. एकाच्या सोयीसाठी हजारांची साक्ष आपण खोटी पाडू.

परंतु नकार देऊन हात झटकणे हाही अपराधच. एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात वंशावळीत नावे न सापडलेल्या याजकांना सेवेतून दूर केल्याचे आपण वाचतो. कागद हरवला की माणूस हरवतो. कॅनन 535 जुन्या वह्या जपण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकतो. तरीही त्या पत्र्याच्या पेटीत वाळवीच्या स्वाधीन असतील, तर दोष निजामाचा नव्हे, आमचा!

प्रत्येक धर्मग्रामाने पानापानाचे छायाचित्र काढावे. कुटुंबांना प्रमाणित नक्कल द्यावी. आपली वही जात सांगत नाही, पण बापाचे नाव आणि गाव सांगते. तो धागा धरून गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीपर्यंत, म्हणजे नमुना 14 पर्यंत, जाता येते. तिथे जात लिहिलेली सापडू शकते. दुवा आपण द्यावा. जात सांगण्याचे काम सरकारी दप्तरानेच करावे.

त्या तरुणाला मी निरोप धाडला आहे. जात लिहून मिळणार नाही. पण त्याच्या पणजोबांच्या बापाचे नाव त्याला पहिल्यांदाच वाचायला मिळेल.