यंत्रास काम द्यावे, जबाबदारी नव्हे



पेढी, गोदाम व शाखा येथील संगणक एकमेकांस जोडण्याची सोय आपल्यापैकी अनेकांनी करून घेतली आहे. या जाळ्याची देखरेख करणारे सॉफ्टवेअर ‘असे झाले तर तसे कर’ या नेमून दिलेल्या आज्ञा रात्रंदिवस बिनबोभाट पाळते. तरुण मंडळी म्हणतात, सर्व काही त्याच्यावर सोपवावे. वृद्ध म्हणतात, ते नकोच. मला ही दोन्ही मते एकांगी वाटतात.

प्रथम माझीच चूक सांगतो. आमच्या पेढीवर रात्री दोन वाजता हिशेबाची नक्कल गोदामातील संगणकावर जावी, अशी आज्ञा होती. पुढे दुसरी आज्ञा घातली गेली, की लाइन मंदावल्यास राउटर आपोआप बंद करून पुन्हा सुरू व्हावा. नक्कल जाऊ लागली की लाइन मंदावे, राउटर बंद पडे आणि नक्कल अर्धवट राही. सकाळी मात्र ‘काम सुरू झाले’ असा निरोप येई व आम्ही तो ‘काम पूर्ण झाले’ असा वाचत असू. आमचे वृद्ध मुनीम म्हणाले, “शेठजी, गोदामाकडील आकडा आपल्या आकड्याशी जुळत नाही.” यंत्र चुकत नसते, असे मी त्यांना तोडून सांगितले. अकराव्या दिवशी पेढीचा संगणक बिघडला. त्यांनी हट्टाने लिहून ठेवलेल्या कच्च्या वहीवरूनच त्या अकरा दिवसांचा हिशेब पुन्हा उभा राहिला. दोन्ही आज्ञा आपापल्या जागी योग्य होत्या. त्या एकत्र काय करतील, हे पाहणारा कोणी नव्हता.

असेच मोठ्यांच्या घरीही घडते. दि. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले. नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. घातक आज्ञा अडविणारे तपासणीचे साधन होते. परंतु त्यातच दोष निघाला. मुख्य केंद्रांशी संबंध तुटलेल्या ठिकाणाने आपला पत्ता आपणच मागे घ्यावा, असा दुसरा नियम होता. एखादेच ठिकाण तुटते तर तो हितकारक ठरला असता. सर्वच एकदम तुटल्याने सर्वांनीच पत्ते मागे घेतले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले.

यावरून माझ्या अल्पमतीस काही गोष्टी सुचतात. प्रत्येक स्वयंचलित आज्ञा कोणी, केव्हा व कशासाठी घातली, याची एक नोंदवही असावी आणि नवी आज्ञा घालताना जुन्या सर्व वाचाव्यात. नवा बदल प्रथम एकाच शाखेत करून पाहावा. धान्याची गाडी घेण्यापूर्वी आपण मूठभर वानगी पाहतोच की! बंद करणे व पुसून टाकणे या आज्ञांना जबाबदार माणसाची संमती लागावी. बदल मागे घेण्याची रीत अगोदरच ठरलेली असावी आणि जाळे बंद पडले तरी यंत्रापर्यंत पोहोचण्याची एक वेगळी वाट असावी. निरोप कामाच्या आरंभाचा नव्हे, समाप्तीचा यावा. आणि महिन्यातून एकदा नक्कल उघडून ती खरोखर उपयोगी आहे ना, हे पाहावे.

या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, रोजमेळाप्रमाणे यंत्राची नोंदही रोज एका नेमलेल्या माणसाने वाचावी, आणि ‘आकडा जुळत नाही’ असे तो म्हणाला तर मालकाने ऐकून घ्यावे. यंत्र आणल्यावर जुन्या माणसांस निरोप देण्याची घाई काही पेढ्यांवर दिसते. ती मला हिताची वाटत नाही. हुंडीवर सही ज्याची, देणे त्याचे, हा आपला जुना न्याय आहे. यंत्र सही करीत नाही. म्हणून त्याने केलेल्या कामाचे उत्तरदायित्व अखेर आपलेच. त्या मुनीमांची क्षमा मी पेढीवर मागितलीच आहे. ती येथे सर्वांसमक्ष पुन्हा मागतो. इत्यलम्.