घळीची वाट कोणाची?

मेढ्याच्या स्टँडवर दोरांची वेटोळी खांद्याला अडकवलेली पोरे दिसली की आनंद होतो, आणि रागही येतो. वासोट्याचे रान १९८५ साली कोयना अभयारण्यात, २०१० साली व्याघ्र प्रकल्पात गेले. बामणोलीहून लाँचने जायचे तर वनखात्याचा परवाना हवा. पोरे चिडतात : "डोंगर काय सरकारच्या बापाचा?"

अहो, तुमच्याही नव्हे! शिवसागराखाली ज्यांची शेते बुडाली, त्यांनी कोणाकडे दाद मागावी?

धबधब्याच्या घळीत उतरणाऱ्यांची संघटना हवीच. एकट्यादुकट्याला खाते एकच उत्तर देते, बंदी. पण तिच्या पहिल्या बैठकीला बामणोलीचे नावाडी बोलवा. नुसती सतरंजी नको, मतही द्या. घळीत कोणी अडकला तर पहिली हाक त्यांनाच जाणार आहे.