राजा भोजाची भूल आणि आजीचा खुबा

आपल्या धारच्या राजा भोजाची एक गोष्ट भूलशास्त्राचे इतिहासकारही सांगतात. राजाचे डोके दुखू लागले, काही केल्या थांबेना. तेव्हा वैद्याच्या वेषात अश्विनीकुमार आले, चूर्णाने त्याला बेशुद्ध केले, कवटी उघडली, पुन्हा सांधली आणि संजीवनीने शुद्धीवर आणले. ही गोष्ट ‘भोजप्रबंधा’तली. पण भोज 11व्या शतकातला आणि ग्रंथकर्ता बल्लाळ 16व्या शतकातला. शिवाय कवटीतून निघाला तो चक्क मासा! तेव्हा गोष्ट अभिमानाने सांगावी, पुरावा म्हणून नको. चूर्ण किती दिले, आणखी कोणाला दिले, किती जण उठलेच नाहीत, याची नोंद कुठेच नाही.

आजचे संशोधन नेमके हेच विचारते, आणि ते आपल्या घरापर्यंत येते. आजी न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, देवासहून गाडी इंदूरला निघते. वाटेतच कुणा काकांचा फोन येतो, “म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल देऊ देऊ नका रे, डोक्यावर परिणाम होतो. कमरेत इंजेक्शन द्यायला सांगा.” मलाही बरीच वर्षे हेच खरे वाटायचे.

2021 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 46 रुग्णालयांचा ‘रीगेन’ अभ्यास प्रसिद्ध झाला. खुबा मोडलेले, पन्नाशी ओलांडलेले 1600 रुग्ण. कोणाला स्पायनल आणि कोणाला पूर्ण भूल, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे डॉक्टरांची आवड मध्ये येत नाही. 60 दिवसांनी मृत्यू किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय चालता न येणे हे स्पायनल गटात 18.5 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 18 टक्के. ऑपरेशननंतरचा भ्रम, म्हणजे बरळणे, माणसे न ओळखणे, 20.5 आणि 19.7 टक्के. पुढच्या वर्षी चीनमधून 65 वर्षांवरील 950 रुग्णांचा अभ्यास आला. तिथे कमरेखाली बधिर केलेल्यांना गुंगीचे औषधसुद्धा दिले नव्हते, तरी भ्रम 6.2 टक्के, पूर्ण भुलीत 5.1.

म्हणजे काकांची भीती खोटी नाही, पण दोष भलत्यालाच दिला जात होता. आता प्रत्येक आजीला दोन्ही भुली सारख्याच, असे मात्र नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्पायनलमध्ये मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गोळ्यांची पिशवी भूलतज्ज्ञांसमोर रिकामी करा, आयुर्वेदिक चूर्णासकट.

भ्रम टाळायला घरच्यांच्या हातातही बरेच असते. शुद्धीवर येताच चष्मा, कानाचे यंत्र, कवळी परत द्या. रात्री झोपू द्या, दिवसा उजेडात बसवा, दुखत असेल तर नर्सला सांगा. आणि जवळ मराठी बोलणारे कुणीतरी हवे. आपली आजी बाजारात हिंदी, माळवी सगळे बोलते, पण अर्धवट शुद्धीत तिला घरचाच आवाज ओळखू येतो. नातवंडांनी पाळ्या लावाव्यात.

मेडिकल कॉलेजात एखादा तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आला, “आजींना आमच्या अभ्यासात घेऊ का?” म्हणाला, तर बिचकू नका. नीतीसमितीची मान्यता आहे का, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची ही नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे. नाही म्हटले तरी उपचार तसेच मिळायला हवेत. आणि आजी शुद्धीत असेल तर सही तिची, आपली नव्हे.