बटणातली ताकद

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मोटारी चढतात त्या पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने. पूर्वेकडची वाट पायी जाणाऱ्यांची. उरवाईचा रस्ता अरुंद आणि उभा. कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातील तीर्थंकरांच्या मूर्ती तिथे आहेत, त्यांतली एक 57 फुटांची. दिवाळीच्या सुटीत मी लष्करला आत्याकडे गेलो होतो, तेव्हा आतोबांनी आम्हाला आपल्या ऑटोमॅटिक गाडीतून वर नेले. चढ लागताच त्यांनी गिअरच्या दांड्याजवळचे 'पॉवर' लिहिलेले बटण दाबले. गाडी गुरगुरली आणि झेपावली.

"बघ, इंजिनाची ताकद वाढली की नाही?"

"ताकदीचं मला ठाऊक नाही," आत्या मागून म्हणाली, "पेट्रोलचा खर्च मात्र वाढलाय."

आत्याचे म्हणणे खरे होते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सांगायचे तर त्या बटणाने भांडवलात एका पैचीही भर पडत नाही. तिजोरीतली रक्कम गल्ल्यावर लवकर येते, इतकेच. इंजिन शंभर अश्वशक्तीचे असेल तर बटण दाबूनही ते शंभराचेच राहते. परंतु ती शंभर अश्वशक्ती इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच मिळते. एरवी पेट्रोल वाचावे म्हणून गाडी वरचा गिअर लवकर टाकते. बटण दाबले की ती खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवते, आणि पाय थोडा दाबला तरी खालच्या गिअरवर उतरते. पुष्कळ गाड्यांत त्याच दाबाला इंजिनही अधिक उघडते. चढावर याचा उपयोग आहेच. गिअरची सारखी वर-खाली धावपळ थांबते. (विजेच्या गाड्यांचा हिशेब वेगळा, तो इथे नको.)

ही युक्ती नवी नाही. 1980 च्या दशकात गिअरपेटीचा कारभार इलेक्ट्रॉनिक झाला, तेव्हाच टोयोटाच्या गाड्यांत असे बटण आले होते.

मग एवढ्याशा बटणावर लेख कशाला? दुसऱ्या दिवशी मुरैना रस्त्यावर जे घडले त्यासाठी. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर, समोरून बस. आतोबांचा पाय आधीच तळाला टेकला होता. त्यांनी बटण दाबले आणि गाडी बाहेर काढली. वेग काही वाढला नाही. वाढणार कुठून? पाय पूर्ण दाबला की गाडी आपण होऊनच खालच्या गिअरवर येते आणि होते नव्हते ते सारे देते; बटणाला द्यायला मागे काही उरतच नाही. बसवाल्याने ब्रेक मारला म्हणून आम्ही घरी आलो. आत्या रात्री जेवली नाही.

म्हणून माझा राग आतोबांवर नाही, त्या शब्दावर आहे. 'पॉवर' वाचून कोणालाही वाटेल की आत काहीतरी राखीव ठेवले आहे. विकणारा ते खोडून काढत नाही, कारण त्या शब्दावर गाडी खपते. माहितीपुस्तक इंग्रजीत असते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. त्यापेक्षा बटणावर सरळ 'चढ' असे लिहावे. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांसाठी 'एरु' लिहिले तरी चालेल.

आतोबा आता ते बटण उरवाईला दाबतात आणि वर पोचले की बंद करतात. उतरताना गाडी खालच्या गिअरवर ठेवतात, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. ओव्हरटेक करायचे म्हटले की आत्या अजून डोळे मिटून घेते.