वाळूचा चोरटा पैसा आणि घरकुलवाल्याचा कर

‘आयकर भरणारे मूठभर, बाकी सारे फुकटे,’ असे म्हणणाऱ्यांनी कधी सिमेंटची गोणी विकत घेतलेली नसावी. सिमेंटवर जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्के झाला. म्हणजे कराआधी ३०० रुपये भावाच्या गोणीवर आजही ५४ रुपये कर. शिरूरचा वीटभट्टी मजूर असो की दौंडचा बागायतदार, रक्कम तीच. मजुराला ती दिसत नाही, कारण ती भावातच मुरलेली असते.

आता भीमा आणि घोडच्या पात्रात पाहा. रात्री चोरून उपसलेल्या वाळूला ना पावती, ना स्वामित्वधन, ना जीएसटी. सगळा व्यवहार रोखीचा. महसूलचे पथक बोटी उडवते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, पुन्हा नव्या बोटी पाण्यात! कायदा काही लेचापेचा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, ४८(८) खाली वाहन जप्त होते. पण पंचनाम्यात नाव येते ते बहुधा चालकाचे. पैसा ज्याच्या घरी जातो तो नामानिराळा. त्याच्याकडून जे बुडते ते सरकार कुठून भरून काढणार? जिथे वसुली सोपी तिथून, म्हणजे तुमच्या-आमच्या खरेदीतून.

कर चुकवलेली वाळू निदान स्वस्त तरी असावी! तीही नाही. जप्तीचा धोका आणि वाटेवरचे हप्ते तिच्या भावात चढतात. २०२३ मध्ये सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळले. घरकुलाला पाच ब्रास मोफत वाळू कागदावर आहे. ती ज्याला मिळत नाही, तो रमाई आवासचा लाभार्थी सरकारचा कर सिमेंटमध्ये भरतो आणि चोरांचा कर वाळूत.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना हाच अन्याय दाखवला होता. उत्पन्न नसेल तर आयकर नाही, पण शेतकऱ्याला पीक बुडाले तरी शेतसारा चुकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. शेतसाऱ्याची जागा आता भावातल्या कराने घेतली, एवढाच फरक.

शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ चा आधार घेऊन दोन्ही तहसीलदारांकडे मागणी करा : वाळूचोरीत गावनिहाय किती दंड आकारला, किती वसूल झाला आणि किती घरकुलांना मोफत वाळू प्रत्यक्ष पोहोचली, हे फलकावर लावा. दंडाची आकारणी आणि वसुली हे आकडे शेजारी-शेजारी लिहायला लावा.