विश्लेषण : पांढरीखालचे इनामगाव काय सांगते?

महाराष्ट्राचा इतिहास म्हटला की गड, लेणी आणि राजवाडे डोळ्यांसमोर येतात. शेतकऱ्याचे साधे खेडे त्या यादीत नसते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेल्या इनामगावच्या शिवारात मात्र असेच एक खेडे जमिनीखाली सापडले. तिथे राजा नव्हता, शिलालेख नव्हता. सुमारे ९०० वर्षांचा संसार होता. तो आपल्या इतिहासाच्या मध्यभागी यायला हवा.

हे गाव कसे उजेडात आले?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे त्यातील प्रमुख संशोधक. मोठे क्षेत्र आडवे उकरल्याने १३०हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. वस्तीचे तीन कालखंड ठरले : माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील गावावरून आले.

तेथील लोक कसे राहत?

घरे चौकोनी, भिंती कुडाच्या. घरात चूल, धान्याला कणगी आणि पेव. शेतात जव, मसूर, हुलगा, वाटाणा. रानातून बोरे, जांभळे. दावणीला गुरे, शेळ्या-मेंढ्या. वर्णन वाचताना परके काहीच वाटत नाही. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी चर खोदला आणि बांध घातला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते, शेजारी धान्यकोठार. हे गावप्रमुखाचे घर असावे, असा ढवळीकरांचा निष्कर्ष.

मृतांना घरातच का पुरत?

लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना उत्तरेकडे डोके करून आडवे ठेवत. अनेकांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळली. मृताने घर सोडून जाऊ नये, ही भावना त्यामागे असावी. एक माणूस मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या अवस्थेत मिळाला, तोही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. मान मोठा असला की मरणही वेगळे, हे तेव्हाही होते.

गाव ओस का पडले?

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार आणि पशुपालनावरची भिस्त वाढली. हवामान कोरडे झाल्याने असे घडले, हे ढवळीकरांचे मत. सगळा दोष हवामानावर टाकता येईल का, असा प्रश्न नंतरच्या अभ्यासकांनी उपस्थित केला. सांगाडे पाहून मुलांच्या पोषणाचाही अभ्यास झाला. पण गाव एका दुष्काळात उठले नाही, एवढे निश्चित. घर लहान झाले, ताट बदलले, तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे तग धरून राहिली. इ.स.पू. ७००च्या सुमारास वस्ती संपली.

आज याचे काय?

एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या इतिहास पुस्तकातून देशभरातील मुलांनी इनामगावचा धडा वाचला. महाराष्ट्रातील किती मुलांनी ती जागा पाहिली असेल? गडाचा बुरूज ढासळला की बातमी होते. जुन्या वस्तीचे टेकाड मात्र दिसायला मातीचा ढीग. गावोगावी अशी टेकाडे नांगराखाली जातात, पांढरी माती खत म्हणून शेतात पडते, उरलेले जेसीबी सपाट करतो. खापरे, हाडे, जळके दाणे एकदा जागचे हलले की त्यांची साक्ष संपते.

यावर मोठा निधी लागतोच असे नाही. तालुक्यातील टेकाडांची नोंद गावच्या दप्तरात व्हावी, सपाटीकरणाआधी पुरातत्त्व विभागाला कळवले जावे, शाळांच्या सहली इथेही याव्यात. पाण्यावर गावे कशी उभी राहतात आणि कशी खचतात, याचा ९०० वर्षांचा हिशेब इनामगावने ठेवला आहे. ऊस, बोअरवेल आणि टँकर यांत अडकलेल्या जिल्ह्याने तो वाचलाच पाहिजे.